संगणक जालाचे मापन

संगणक जालाचे मापन : एकमेकांस जोडलेल्या संगणकांमध्ये संदेश पोहोचण्यास किती वेळ लागतो आणि त्या जोडणीतून दर सेकंदाला किती माहिती वाहून नेता येते, हे प्रयोगाने ठरविण्याच्या क्रियेस संगणक जालाचे मापन म्हणतात. यांपैकी पहिल्या राशीस विलंबकाल व दुसरीस वहनक्षमता म्हणतात. व्यवहारात त्यांना अनुक्रमे लेटन्सी व बँडविड्थ ही नावे रूढ आहेत. सर्वसामान्य बोलण्यात या दोहोंना मिळून ‘वेग’ असा एकच शब्द वापरला जातो आणि त्यामुळे बराच गोंधळ होतो. वस्तुतः या राशी एकमेकींपासून भिन्न आहेत. एक चांगली असूनही दुसरी वाईट असू शकते व एक वाढविल्याने दुसरी आपोआप सुधारत नाही. कोणतीही जोडणी समजून घेण्यासाठी दोन्ही मोजाव्या लागतात व मापन कोणत्या दोन ठिकाणांदरम्यान केले, हेही सांगावे लागते.

या भेदाचे साधे उदाहरण कालव्याचे देता येईल. धरणाचे दार उघडल्यापासून शेवटच्या शेतात पाण्याचा पहिला लोट पोहोचेपर्यंत जो काळ जातो, तो विलंबकाल होय. तर पाणी सुरू झाल्यावर शेताच्या तोंडाशी दर सेकंदाला जितके लिटर पाणी मिळते, ती वहनक्षमता होय. कालवा रुंद केल्याने दुसरी वाढते; परंतु धरण व शेत यांतील अंतर त्यामुळे कमी होत नाही.

एकके : विलंबकाल सामान्यतः मिलिसेकंदात (सेकंदाचा हजारावा भाग; संक्षेपाने मिसे.) व्यक्त करतात. वहनक्षमता दर सेकंदास जाणाऱ्या बिटांच्या संख्येने मोजतात. बिट हा माहितीचा सर्वांत लहान घटक असून त्याचे मूल्य ० किंवा १ असते. हजार बिटांस किलोबिट, दहा लक्ष बिटांस मेगॅबिट व शंभर कोटी बिटांस गिगॅबिट म्हणतात. संगणकातील माहितीचा साठा मात्र बाइटांत मोजतात व एक बाइट आठ बिटांचा असतो. म्हणून सेकंदास १०० मेगॅबिट क्षमतेच्या जोडणीतून सेकंदास जास्तीत जास्त १२.५ मेगॅबाइट माहिती जाऊ शकते. हा आठपटीचा फरक लक्षात न घेतल्याने पुष्कळदा निष्कारण तक्रारी उद्‌भवतात.

ऐतिहासिक आढावा : संदेशवहनातील या दोन राशींतील भेद संगणकांच्या बराच आधी, तारायंत्राच्या काळात प्रत्ययास आला. १८५८ साली अटलांटिक महासागराच्या तळातून टाकलेल्या पहिल्या तारेवरून व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पाठविण्यास सु. १६ तास लागले. आगबोटीला लागणाऱ्या सु. दहा दिवसांच्या तुलनेने हा विलंबकाल अत्यल्प होता. परंतु तारेची वहनक्षमता इतकी तुटपुंजी होती, की तासाला जेमतेम सहा शब्द जात. लांब तारेत संकेत पसरट का होतो, याचे गणित विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५० नंतरच्या दशकात मांडले होते. १८७० मध्ये मुंबई शहर एडन व सुएझमार्गे समुद्री तारेने इंग्लंडशी जोडले गेले. १९४८ साली अमेरिकन गणितज्ञ सी. ई. शॅनन यांनी कोणत्याही संदेशमार्गाच्या वहनक्षमतेची कमाल मर्यादा त्याच्या कंप्रता पट्ट्याची रुंदी (कंप्रता म्हणजे दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) आणि संकेत व गोंगाट यांच्या शक्तींचे गुणोत्तर यांवर अवलंबून असते, असे दाखवून दिले. वहनक्षमतेला मिळालेले बँडविड्थ, म्हणजे पट्टरुंदी, हे नाव या संबंधावरून आले आहे.

भारतात संगणक जालाचा पद्धतशीर प्रारंभ शिक्षण व संशोधनासाठी उभारलेल्या अर्नेट या प्रकल्पाने १९८६ मध्ये झाला. त्यात बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्था, पाच भारतीय तंत्रविद्या संस्था व मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्र हे सहभागी होते. यांपैकी मुंबईचे केंद्र व पवई येथील तंत्रविद्या संस्था यांच्यामध्ये सुरुवातीची संगणकीय पत्रांची देवघेव दूरध्वनीच्या तारेवरून झाली. त्यानंतर परदेशाशी व इतर शहरांशी जोडणाऱ्या तारांची क्षमता सेकंदास ९,६०० बिट एवढी होती. १९९५ च्या १५ ऑगस्ट रोजी विदेश संचार निगमाने मुंबईसह महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली.

विलंबकालाचे घटक : जालातून जाणारी माहिती लहानलहान तुकड्यांत विभागून पाठवितात. या तुकड्यांस पॅकेट म्हणतात व एका पॅकेटात सामान्यतः १,५०० पर्यंत बाइट असतात. पॅकेटाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाण्यास लागणारा काळ चार घटकांचा बनलेला असतो.

(१) प्रसरणकाल : संकेताला प्रत्यक्ष अंतर कापण्यास लागणारा काळ. निर्वातात प्रकाशाचा वेग सेकंदास सु. ३ लक्ष किमी. असतो, परंतु काचेच्या प्रकाशीय तंतूत तो सु. २ लक्ष किमी. एवढाच भरतो. म्हणजे तंतूच्या प्रत्येक किलोमीटरमागे ५ मायक्रोसेकंद (सेकंदाचा दशलक्षांश भाग म्हणजे एक मायक्रोसेकंद) खर्च होतात. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बिणीच्या (जीएमआरटीच्या) ३० ॲन्टेना प्रकाशीय तंतूंनी मध्यवर्ती केंद्रास जोडलेल्या आहेत. दूरच्या ॲन्टेनाचा संकेत जवळच्या ॲन्टेनाच्या संकेतापेक्षा उशिरा पोहोचत असल्याने सर्व संकेत एकत्र करण्यापूर्वी हा फरक भरून काढावा लागतो. कोणत्याही यंत्रसुधारणेने प्रसरणकाल प्रकाशाच्या वेगाने घातलेल्या मर्यादेखाली नेता येत नाही.

(२) प्रेषणकाल : पॅकेटातील सर्व बिट तारेवर चढविण्यास लागणारा काळ. तो वहनक्षमतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. १,५०० बाइटांच्या, म्हणजे १२,००० बिटांच्या पॅकेटास सेकंदास ९,६०० बिट क्षमतेच्या तारेवर १.२५ सेकंद, ६४ किलोबिटांच्या तारेवर १८७.५ मिसे., २ मेगॅबिटांच्या तारेवर ६ मिसे. व १०० मेगॅबिटांच्या तारेवर केवळ ०.१२ मिसे. लागतात. अर्नेटच्या प्रारंभीच्या काळात एकेका पॅकेटामागे सेकंदाहून अधिक वेळ जाई, तो मुख्यतः या कारणाने. आता या घटकाचे महत्त्व बरेच घटले आहे.

(३) रांगेतील काळ : वाटेवरील प्रत्येक नाक्यावर राउटर हे यंत्र आलेल्या पॅकेटाचा पुढील मार्ग ठरविते. एकाच वेळी अनेक पॅकेटे आल्यास त्यांना यंत्राच्या स्मृतीत थांबून राहावे लागते. हा घटक सर्वांत चंचल असून दिवसाच्या वेळेनुसार व गर्दीनुसार शून्यापासून कित्येक सेकंदांपर्यंत बदलतो.

(४) प्रक्रियाकाल : पॅकेटाचा पत्ता वाचणे, त्यातील चुका तपासणे इ. क्रियांना लागणारा काळ. तो बहुधा अल्प असतो. तथापि उत्तर देणारा संगणकच कामाच्या ओझ्याने थकलेला असल्यास जालाचा दोष नसतानाही विलंब मोठा दिसतो.

विलंबकालाचे मापन : एका दिशेचा विलंबकाल थेट मोजावयाचा झाल्यास दोन्ही टोकांच्या घड्याळांत मिलिसेकंदाहूनही कमी अंतर असावे लागते. हे सामान्य संगणकांत साधत नाही. म्हणून पॅकेट पाठवून त्याचे उत्तर परत येईपर्यंतचा काळ एकाच घड्याळाने मोजतात. यास फेरीकाल म्हणतात. या कामी सर्वत्र वापरला जाणारा पिंग हा कार्यक्रम अमेरिकन सैन्याच्या क्षेपणविद्या संशोधन प्रयोगशाळेतील माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. पाणबुडीचा शोध घेणाऱ्या सोनार यंत्राच्या ध्वनीवरून त्याला हे नाव देण्यात आले. फेरीकालाच्या निम्मा काळ म्हणजे एका दिशेचा विलंबकाल, असे मानण्याचा प्रघात आहे; पण जाण्याचा व येण्याचा मार्ग भिन्न असल्यास हे अनुमान चुकीचे ठरते. एका दिशेचा काळ खरोखरीच हवा असल्यास दोन्ही ठिकाणी उपग्रहांवरून चालणारी अचूक घड्याळे बसवितात.

एकाच वाचनावर विसंबणे धोक्याचे असते. समजा, लागोपाठच्या दहा वाचनांत ३८, ३९, ३८, ४१, ४०, ३८, ३९, ४०, ३९ व २४८ मिसे. असे फेरीकाल आले. त्यांची सरासरी ६० मिसे. येते, परंतु दहांपैकी एकाही पॅकेटास ६० मिसे. लागलेले नाहीत. येथे मध्यक ३९ मिसे. हा नेहमीचा अनुभव सांगतो, किमान ३८ मिसे. ही मार्गाची अंगभूत मर्यादा दाखविते आणि २४८ हे वाचन रांगेतील गर्दीची खूण आहे. म्हणून किमान, मध्यक व कमाल ही मूल्ये वेगवेगळी नोंदवितात. त्यांच्या जोडीला वाचनावाचनांतील चढउतार व वाटेत गहाळ झालेल्या पॅकेटांचे शेकडा प्रमाणही द्यावे लागते; कारण बोलण्यासारख्या अखंड संदेशांत स्थिर विलंबापेक्षा अस्थिर विलंब अधिक त्रासदायक ठरतो.

विलंब कोणत्या टप्प्यात होतो, हे शोधण्यासाठी पॅकेटावर टप्प्यांची कमाल संख्या घालून देतात. संख्या संपताच त्या ठिकाणचा राउटर पॅकेट टाकून देतो व तसे कळवितो. एक, दोन, तीन अशी ही संख्या वाढवीत गेल्यास वाटेवरील नाक्यांची यादी मिळते. ट्रेसरूट नावाचा या तत्त्वावरील कार्यक्रम व्हॅन जेकबसन यांनी १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात तयार केला. काही राउटर अशा चौकशीला मुद्दामच सावकाश उत्तर देतात वा मुळीच देत नाहीत. त्यामुळे मधल्याच एखाद्या नाक्याचा काळ मोठा दिसला व पुढील नाक्यांचा मात्र लहान असला, तर तेथे दोष आहे असे समजू नये.

वहनक्षमतेचे मापन : यात तीन राशी वेगळ्या ओळखाव्या लागतात. मार्गातील सर्वांत अरुंद टप्प्याची क्षमता ही त्या मार्गाची कमाल वहनक्षमता होय. त्यातून इतरांचा वापर वजा जाता उरते ती उपलब्ध क्षमता. प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या हाती पडणारी उपयुक्त माहिती ही तिसरी राशी असून ती पहिल्या दोहोंपेक्षा कमी असते. कारण प्रत्येक पॅकेटात पत्ता इ. बाबींची भर असते. नेहमीच्या ईथरनेट पद्धतीत १,४६० बाइट उपयुक्त माहितीसाठी तारेवर १,५३८ बाइटांएवढा काळ व्यापला जातो. म्हणून १०० मेगॅबिटांची जोडणी निर्दोष असतानाही मापनात सु. ९५ मेगॅबिटच मिळतात.

सर्वांत सरळ पद्धतीत ठराविक काळ शक्य तितकी माहिती लोटून दुसऱ्या टोकास ती किती पोहोचली, हे पाहतात. म्यूस व टेरी स्लॅटरी यांनी सु. १९८४ मध्ये रचलेला टीटीसीपी हा अशा कार्यक्रमांतील आद्य असून आयपर्फ हा कार्यक्रम त्याच परंपरेतील आहे. या पद्धतीत मापन चालू असेपर्यंत सारी जोडणी व्यापली जाते व इतरांची गैरसोय होते. दुसऱ्या पद्धतीत दोनच पॅकेटे पाठोपाठ पाठवितात. अरुंद टप्प्यातून बाहेर पडताना ती एकमेकांपासून दूर सरकतात व त्यांच्यातील अंतरावरून क्षमता काढता येते. उदा., १२,००० बिटांची दोन पॅकेटे १.२ मिसे. अंतराने पोहोचली, तर अरुंद टप्प्याची क्षमता सेकंदास १० मेगॅबिट येते. मात्र वाटेत इतरांची पॅकेटे मध्ये शिरल्यास हे उत्तर चुकते. म्हणून पुष्कळ जोड्या पाठवून त्यांतून निष्कर्ष काढतात.

दोन्ही राशी एकाच प्रयोगातून काढण्याची पद्धत समांतर संगणनाच्या क्षेत्रात विशेष प्रचलित आहे. पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅकने) १९९१ मध्ये तयार केलेल्या परम ८००० सारख्या महासंगणकात अनेक प्रक्रियक एकत्र काम करतात. त्यामुळे त्यांच्यातील संदेशांना लागणारा काळ एकूण गणनाकालावर परिणाम करतो. संदेशाचा काळ ‘का’, विलंबकाल ‘वि’, संदेशाचे आकारमान ‘म’ व वहनक्षमता ‘व’ असल्यास, का = वि + (म ÷ व) हे समीकरण स्थूलमानाने लागू पडते. निरनिराळ्या आकारमानांचे संदेश पाठवून आलेख काढल्यास सरळ रेषा मिळते. समजा, ५,००० बाइटांस ६० मिसे., १०,००० बाइटांस १०० मिसे. व २०,००० बाइटांस १८० मिसे. लागले. दर ५,००० बाइटांमागे ४० मिसे. वाढतात, म्हणजे वहनक्षमता सेकंदास १,२५,००० बाइट किंवा १ मेगॅबिट होय. रेषा मागे वाढविल्यास शून्य बाइटांस २० मिसे. उरतात, हा विलंबकाल होय.

दोन राशींचा परस्परसंबंध : इंटरनेटवरील बहुतेक माहिती टीसीपी या नियमसंचाने जाते. यात प्रेषक काही माहिती पाठवितो व पोच मिळाल्यावरच पुढील माहिती पाठवितो. पोच न मिळता एका वेळी जितकी माहिती वाटेत असू शकते, तिला खिडकी म्हणतात. जोडणी पूर्ण भरलेली राहावी यासाठी खिडकी ही वहनक्षमता व फेरीकाल यांच्या गुणाकाराएवढी असावी लागते. मूळ नियमांनुसार खिडकी जास्तीत जास्त ६५,५३५ बाइटांची असे. अशा खिडकीने ६ मिसे. फेरीकालाच्या मार्गावर सेकंदास सु. ८७ मेगॅबिट, ५० मिसे. असता सु. १०.५ मेगॅबिट व ६०० मिसे. असता सु. ०.८७ मेगॅबिट एवढीच माहिती जाते, मग तारेची क्षमता कितीही असो. पुढे मोठ्या खिडकीची सोय करण्यात आली. तथापि जुन्या वा नीट न जुळविलेल्या यंत्रांत हा दोष अद्याप आढळतो.

याउलट, वहनक्षमता पूर्ण वापरली जात असता विलंबकाल वाढतो. घरातील एखाद्या यंत्राची साठवण २,५०,००० बाइटांची व बाहेर जाणारी तार १ मेगॅबिटाची असल्यास, साठवण भरल्यावर नव्या पॅकेटास दोन सेकंद ताटकळावे लागते. म्हणून फेरीकाल जोडणी रिकामी असताना व भरलेली असताना, असा दोन्ही वेळा मोजावा. गर्दीकडे दुर्लक्ष केल्याचा परिणाम ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात दिसून आला. तेथील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व बर्कली विद्यापीठ यांत जेमतेम ४०० यार्डांचे अंतर असताना त्यांच्यामधील माहितीचा दर सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. हरवलेली पॅकेटे प्रेषक पुनःपुन्हा पाठवीत राहिल्याने जाल तुंबले होते. जेकबसन यांनी गर्दी ओळखून प्रेषणाचा दर आवरण्याची जी पद्धत १९८८ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्या पायावर टीसीपीचे पुढील सर्व नियंत्रण उभे राहिले.

उपग्रहमार्ग : भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किमी. उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली येण्यास सु. पाव सेकंद व उत्तरासह सु. अर्धा सेकंद लागतो. यंत्रांतील विलंब धरून फेरीकाल ६०० मिसे. च्या आसपास भरतो. असे असूनही दूरच्या गावांना जोडण्यास हा मार्ग उपयोगी ठरला. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९४ मध्ये व्यवहार सुरू केले, तेव्हा देशभरातील दलालांना लहान तबकड्यांच्या भूस्थानकांमार्फत उपग्रहाने जोडले होते. मागणी नोंदविण्याचे संदेश लहान असल्याने तेथे वहनक्षमता फारशी लागत नसे. पुढे यांत्रिक खरेदीविक्री वाढली, तसे मिलिसेकंदाच्या अंशालाही मोल आले आणि दलालांचे संगणक बाजाराच्याच इमारतीत ठेवण्याची पद्धत पडली. उच्च कंप्रतेच्या उपग्रहमार्गावर जोराच्या पावसाने संकेत क्षीण होतो, हेही पावसाळ्यात केलेल्या मापनाचा अर्थ लावताना ध्यानात घ्यावे लागते. सु. ५५० किमी. उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या बाबतीत अंतर कमी असल्याने प्रसरणकाल काही मिलिसेकंदांवर येतो.

भारतातील मानके : २००४ च्या धोरणात सेकंदास किमान २५६ किलोबिट क्षमतेच्या जोडणीस ब्रॉडबँड म्हटले गेले. ही मर्यादा २०१३ मध्ये ५१२ किलोबिट व २०२३ मध्ये २ मेगॅबिट करण्यात आली. व्याख्येतील आकडा प्रत्येक वेळी वहनक्षमतेचाच आहे. विलंबकालाचे मानक भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्रायने) २००६ च्या गुणवत्ता विनियमांत घातले. त्यानुसार सेवा पुरविणाऱ्याच्या स्थानिक केंद्रापासून देशातील विनिमय केंद्रापर्यंतचा विलंब १२० मिसे. पेक्षा, परदेशातील जवळच्या केंद्रापर्यंत भूमार्गाने ३५० मिसे. पेक्षा व उपग्रहमार्गाने ८०० मिसे. पेक्षा कमी असावयास हवा होता. ग्राहकाचे घर व स्थानिक केंद्र यांमधील टप्पा या मोजमापात धरलेला नव्हता. २०२४ मध्ये या विनियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली. २०१६ मध्ये प्राधिकरणाने ग्राहकांना स्वतःच्या दूरध्वनीवरून मापन करता यावे, म्हणून मायस्पीड हा कार्यक्रम उपलब्ध करून दिला.

मार्गाच्या आखणीचाही विलंबकालावर मोठा परिणाम होतो. देशातील दोन सेवासंस्थांच्या ग्राहकांमधील संदेश पूर्वी पुष्कळदा परदेशातून फिरून येत असत. हे टाळण्यासाठी २००३ मध्ये भारतीय राष्ट्रीय इंटरनेट विनिमय संस्था (निक्सी) स्थापन झाली व तिचे एक केंद्र मुंबईत सुरू झाले. ४,००० किमी. दूर असलेल्या परदेशी नाक्यावरून संदेश व उत्तर दोन्ही फिरून आल्यास फेरीकालात ८० मिसे. ची भर पडते, यावरून या केंद्राचे महत्त्व कळून येईल.

ग्रामीण जोडणीचे मापन : परभणी–परळी लोहमार्गावरील, नृसिंहाच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले पोखर्णी हे परभणी जिल्ह्यातील गाव उदाहरणादाखल घेता येईल. गावापासून मुंबईच्या विनिमय केंद्रापर्यंत तंतूची लांबी ६०० किमी. धरल्यास एका दिशेचा प्रसरणकाल ३ मिसे. व फेरीकाल ६ मिसे. येतो. ही निसर्गाने घातलेली मर्यादा होय. समजा, प्रत्यक्ष मापनात ४० मिसे. आले, तर उरलेले ३४ मिसे. मार्गाचा वळसा, रांगा व यंत्रे यांच्या वाट्याला जातात आणि ते कमी करणे माणसाच्या हाती असते.

सातबाराचा उतारा, पीक विम्याचा अर्ज, शिधावाटप यंत्रावरील अंगठ्याची पडताळणी इ. कामांत माहिती थोडी, पण जाबसालाच्या फेऱ्या अधिक असतात. पत्ता शोधणे, जोडणी जुळविणे, गुप्तसंकेत ठरविणे व मागणी नोंदविणे अशा चार फेऱ्या आणि १२,००० बाइटांचे (९६,००० बिटांचे) उत्तर, असा एक व्यवहार मानू. भूस्थिर उपग्रहावरील ६०० मिसे. फेरीकालाच्या जोडणीत फेऱ्यांनाच २.४ सेकंद लागतात. वहनक्षमता २ मेगॅबिट असल्यास एकूण काळ सु. २.४५ सेकंद व १०० मेगॅबिट असल्यास सु. २.४० सेकंद होतो. म्हणजे क्षमता पन्नासपट वाढवून केवळ अर्ध्या दशांश सेकंदाचा लाभ झाला. उलट ३० मिसे. फेरीकालाच्या, पण अवघ्या ५१२ किलोबिटांच्या तारेवर हाच व्यवहार सु. ०.३१ सेकंदात पुरा होतो. क्षमतेने सु. दोनशेपट लहान असलेली जोडणी येथे जवळजवळ आठपट तत्पर ठरते. चित्रफीत पाहणे किंवा मोठी संचिका उतरवून घेणे यांत मात्र नेमके उलट घडते. पॅकेटे गहाळ होत असल्यास प्रत्येक हरवलेल्या पॅकेटामागे आणखी थांबावे लागते. ठरलेल्या मुदतीत उत्तर न आल्यास व्यवहार रद्द होऊन अंगठा पुन्हा लावावा लागतो आणि रांगेतील माणसाचा रोज बुडू शकतो. त्याच्या दृष्टीने जोडणीवर छापलेल्या मेगॅबिटांच्या आकड्यास फारसा अर्थ उरत नाही.

ग्रामपंचायतींना प्रकाशीय तंतूने जोडण्याच्या, पुढे भारतनेट म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेस ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली. देशातील सु. अडीच लक्ष ग्रामपंचायतींस प्रत्येकी १०० मेगॅबिट क्षमता देण्याचा तिचा उद्देश होता. अशा जोडणीचे मापन जिल्ह्याच्या ठिकाणी करून भागत नाही. परभणी ते मुंबई हा टप्पा उत्तम असूनही परभणी ते गाव हा टप्पा, किंवा गावातील कार्यालय ते त्यातील संगणक हा शेवटचा टप्पा सदोष असू शकतो. म्हणून गावातील संगणकावरूनच क्रमाने कार्यालयातील राउटर, जिल्हा केंद्र व मुंबई या तीन ठिकाणांपर्यंतचा फेरीकाल मोजावा. पहिला मोठा असल्यास दोष कार्यालयातच, दुसरा एकदम वाढल्यास गाव व जिल्ह्याचे ठिकाण यांच्यामध्ये आणि तिसराच वाढल्यास त्यापलीकडे असतो. दोष नेमका कोणाच्या हद्दीत आहे, हे अशा नोंदीने ठरत असल्याने दुरुस्तीची जबाबदारीही निश्चित करता येते.

मापनातील दक्षता : संगणक शक्यतो तारेने जोडावा, कारण बिनतारी जोडणीत भिंती, अंतर व शेजारची यंत्रे यांमुळे वाचने बदलतात. मापन सकाळी, दुपारी व रात्री, तसेच निदान एक आठवडाभर करावे. माहिती येण्याची व जाण्याची क्षमता निरनिराळी नोंदवावी. वेग तपासणाऱ्या कार्यक्रमाचा संगणक सेवासंस्थेच्याच आवारात असल्यास पलीकडचा मार्ग तपासला जात नाही, हे लक्षात ठेवावे. दिनांक, वेळ, दोन्ही टोकांची नावे, पॅकेटांचे आकारमान व हरवलेल्या पॅकेटांचे प्रमाण यांखेरीज दिलेला केवळ ‘इतके मेगॅबिट’ हा आकडा मापन या संज्ञेस पात्र ठरत नाही. अशा नोंदी साध्या संगणकावर, विनाखर्च व अल्प प्रशिक्षणाने ठेवता येतात. त्यामुळे विश्वासार्ह मापन ही केवळ मोठ्या प्रयोगशाळांपुरती मर्यादित बाब राहिलेली नसून जोडणी जेथे वापरली जाते, तेथेच ते करणे शक्य झाले आहे.